विजेवर चालणाऱ्या उपाहारगृहाची मुख्य जोडणी किती अँपिअरची घ्यावी?

प्रश्न – बाणेरचा भटारखाना

नमस्कार. पुण्यात बाणेर परिसरातील एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही न्याहारी आणि दुपारचे जेवण देणारे उपाहारगृह सुरू करीत आहोत. इमारतीत पाइपगॅस आलेला नाही आणि १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर वर नेण्यास संकुलाच्या व्यवस्थापनाची परवानगी नाही, त्यामुळे सगळा स्वयंपाक विजेवरच करावा लागणार आहे.

उपकरणे ठरली आहेत. दहा ट्रेचा कॉम्बी ओव्हन (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर चालणारा) १९ किलोवॅटचा, हुड पद्धतीचे डिशवॉशर १० किलोवॅटचे, डोशाचा विजेचा तवा ९ किलोवॅटचा, दोन टाक्यांचा फ्रायर ९ किलोवॅटचा, सांबार आणि रस्सा मोठ्या प्रमाणावर शिजवण्यासाठीचे इंडक्शन ८ किलोवॅटचे आणि इडलीचा स्टीमर ६ किलोवॅटचा आहे. ही सहा उपकरणे विक्रेत्याने थ्री फेजची, म्हणजे तीन तारांमधून वीज घेणारी, म्हणून दिली आहेत. सिंगल फेजवर साडेतीन किलोवॅटची दोन इंडक्शन, ३ किलोवॅटचा सॅलामँडर (वरून आच देणारी भाजणी), ३ किलोवॅटचा चहाचा बॉयलर आणि २ किलोवॅटची बेन मारी (पदार्थ गरम ठेवणारी गरम पाण्याची टाकी) चालेल. या अकरा उपकरणांची बेरीज ७६ किलोवॅट होते. त्याखेरीज धूर खेचणारा ब्लोअर आणि ताज्या हवेचा पंखा मिळून ४.६, वेट ग्राइंडर आणि मिक्सर मिळून २.९, फ्रीज आणि डीप फ्रीज २.५, ग्राहकांच्या बाजूचे एसी ६, आणि दिवे, बिलिंग, सॉकेट वगैरे ३, असे आणखी १९ किलोवॅट आहेत. एकूण ९५.

गाळ्याला संकुलाकडून थ्री फेज ६३ अँपिअरची लाइन आलेली आहे. एका ठेकेदाराच्या म्हणण्यानुसार ९५ किलोवॅटला १६० अँपिअरची जोडणी लागेल, तर आमचा नेहमीचा वायरमन सांगतो की सगळी उपकरणे एकाच वेळी कधीच चालत नाहीत, निम्मा भार धरला की ६३ अँपिअरमध्ये भागून जाईल. केबल, पॅनेल आणि शाफ्टमधील (केबल वर नेण्याच्या उभ्या पोकळीतील) कामाचा खर्च आम्हालाच करावा लागणार असल्याने या दोन टोकांच्या मधला आकडा कशाच्या आधारावर काढायचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – तारमार्ग (परवानाधारक विद्युत ठेकेदार)

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपण ज्याला सरसकट ‘लोड’ म्हणतो ते प्रत्यक्षात तीन निरनिराळे आकडे असतात. जोडलेल्या उपकरणांची सरळ बेरीज हा पहिला, म्हणजे आपले ९५ किलोवॅट. मुख्य केबल आणि मुख्य स्विच यांनी न तापता किती वाहून न्यायचे, हा दुसरा. महावितरणकडे करारात नोंदवायची कमाल मागणी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, हा तिसरा. तुमचा ठेकेदार पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी वापरत आहे आणि तुमचा वायरमन तिसऱ्याबद्दलचा अंदाज दुसऱ्याला लावत आहे.

थ्री फेजचा हिशोब सर्वांना ठाऊक असतोच, तरी एकदा मांडतो. ४०० व्होल्टवर आणि ०.९५ पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरून अँपिअर काढायचे तर वॅटना १.७३२ × ४०० × ०.९५, म्हणजे साधारण ६५८ने भागावे. ९५ किलोवॅटचे १४४ अँपिअर होतात, म्हणजे १६० अँपिअर सांगणाऱ्याचे गणित चुकलेले नाही, फक्त सगळी उपकरणे एकदम चालत नाहीत म्हणून धरायची सवलत त्याने मुळीच धरलेली नाही. उलट बाजूने पाहिले तर ६३ अँपिअरच्या लाइनवर सुमारे साडेएक्केचाळीस किलोवॅटच मिळतात. ‘निम्मा भार’ म्हणजे साडेसत्तेचाळीस किलोवॅट, ७२ अँपिअर. याचा अर्थ वायरमनचा स्वतःचा अंदाजसुद्धा ६३मध्ये बसत नाही.

ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमधून आलेला आणि आपल्याकडील जुने सल्लागार आजही वापरतात तो ठोकताळा असा आहे : लहान हॉटेल किंवा दुकानातील स्वयंपाकाच्या उपकरणांपैकी सर्वांत मोठे पूर्ण धरावे, दुसऱ्या क्रमांकाचे ८० टक्के धरावे आणि उरलेल्यांचे ६० टक्के. तुमच्या यादीत ओव्हनचे १९, डिशवॉशरचे ८, आणि बाकीच्या ४७ किलोवॅटचे २८.२, मिळून ५५.२ किलोवॅट. स्वयंपाकाखेरीजचे १९ किलोवॅट सध्या पूर्ण धरू. एकूण ७४.२ किलोवॅट, म्हणजे ११३ अँपिअर.

मात्र ही सवलत फक्त मुख्य लाइनसाठी आहे. प्रत्येक उपकरणाकडे जाणारी स्वतंत्र वायर आणि तिचा एमसीबी (जादा प्रवाह आल्यास आपोआप पडणारा छोटा स्विच) यांना ती कधीही लावू नये, कारण ओव्हन चालू असताना तो स्वतःच्या वायरमधून पूर्ण १९ किलोवॅटच ओढतो. शेजारचा फ्रायर बंद असल्याचा त्या वायरला काहीही दिलासा नसतो. साडेतीन किलोवॅटचे इंडक्शन २३० व्होल्टवर १५ अँपिअरच्या वर घेते. ते साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासन्‌तास चालवले की आधी प्लगच्या पिनांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होते, मग सॉकेटमधली स्प्रिंग सैल पडते आणि शेवटी पिन आतच चिकटून बसते. बंद पडलेल्या बहुतेक भटारखान्यांत दुरुस्तीला गेल्यावर पहिल्यांदा हेच दिसते. अशा उपकरणांना २० अँपिअरचा आयसोलेटर (पुरवठा तोडणारा स्विच) आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर देऊन सॉकेट टाळावा, किंवा औद्योगिक पद्धतीचा प्लग-सॉकेट बसवावा.

दुसरे, उपकरणाची नेमप्लेट स्वतः वाचा, माहितीपत्रक नव्हे. बाहेरून आयात केलेली बरीच उपकरणे ३८० व्होल्टसाठी बनवलेली असतात. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३८० व्होल्टला १९ किलोवॅट घेणारा ओव्हन ४०० व्होल्टवर २१ आणि रात्री-पहाटे लाइन ४१५वर गेली की साडेबावीसच्या पुढे जातो. २७ अँपिअर समजून ३२ अँपिअरचा एमसीबी लावलेला असतो आणि प्रत्यक्षात त्यावर ३० ते ३२ अँपिअर येत असतात. मग ‘एमसीबी खराब आला’ म्हणून तो बदलला जातो.

उत्तर २ – वायरमनदादा

आमच्याकडे हॉटेलच्या कामात नेहमी जोडभाराच्या ४० ते ५० टक्केच धरतात आणि आजवर कुठेही अडचण आलेली नाही. एवढे गणित करण्याची गरज वाटत नाही.

उत्तर ३ – एडिसनकर (न्यू जर्सी)

वायरमनदादांचा अनुभव खोटा नाही, पण तो कोणत्या प्रकारच्या स्वयंपाकघराचा आहे ते पाहावे लागेल. ज्या हॉटेलात भट्ट्या, तवा आणि फ्रायर गॅसवर असतात, तिथे विजेवर फक्त फ्रीज, मिक्सर, ग्राइंडर, पंखे आणि दिवे उरतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो आणि मिक्सर दिवसातून थोडा वेळच चालतो, म्हणून तिथे ४० टक्के पुरतात. संपूर्ण विजेच्या स्वयंपाकघरात उष्णता देणारी यंत्रेच तीन-चतुर्थांशाहून अधिक भार घेतात आणि गिऱ्हाइकांची गर्दी झाली की ती सगळी एकदमच लागतात. त्या ठिकाणी हा ठोकताळा लावता येणार नाही.

मी इथे न्यू जर्सीत उपाहारगृहांच्या विद्युत आराखड्यांचे काम करतो. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये याच प्रश्नासाठी स्वतंत्र कलम आहे. २०२३च्या आवृत्तीत ते २२०.५६ या क्रमांकाचे आहे. भारतात ते बंधनकारक नाही, तरी त्यामागचा विचार उपयोगी पडेल. व्यावसायिक स्वयंपाकघरातील उपकरणे एक किंवा दोनच असतील तर पूर्ण भार धरायचा, तीन असतील तर ९० टक्के, चार असतील तर ८०, पाच असतील तर ७०, आणि सहा किंवा त्याहून अधिक असतील तर ६५ टक्के. या यादीत चुलाण्यांबरोबर डिशवॉशरचा बूस्टर हीटर, पाणी तापवण्याची यंत्रे आणि स्वयंपाकघरातली इतर यंत्रेही येतात. अट एवढीच की यंत्राला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारे नियंत्रण) असावा किंवा त्याचा वापर अधूनमधून होणारा असावा. हवा खेचणारे पंखे, एसी आणि खोली तापवण्याची साधने यांना मात्र ही सवलत स्पष्टपणे नाकारलेली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण धुराचा ब्लोअर स्वयंपाक सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत अखंड चालतो. आणखी एक अट अशी की सवलत देऊन आलेला आकडा सर्वांत मोठ्या दोन उपकरणांच्या बेरजेपेक्षा कमी असता कामा नये.

आपल्या यादीला हे लावून पाहतो. अकरा उपकरणे, शिवाय ग्राइंडर आणि मिक्सर, मिळून ७८.९ किलोवॅट; त्याचे ६५ टक्के ५१.३. सर्वांत मोठ्या दोन उपकरणांची बेरीज २९च आहे, म्हणजे ती अट आड येत नाही. पंखे, फ्रीज, एसी आणि दिवे मिळून १६.१ किलोवॅट मी पूर्ण धरतो. एकूण ६७.४ किलोवॅट, आपल्या ४०० व्होल्टवर १०२ अँपिअर.

नव्या उपाहारगृहासाठी कोडमध्ये दुसरी, ऐच्छिक पद्धतही आहे, कलम २२०.८८. तिच्यात उपकरणांची वर्गवारी न करता सगळ्या भारांची एकत्र बेरीज घेतात आणि उपाहारगृह पूर्णपणे विजेवर चालणारे असेल तर २०० केव्हीएपर्यंतच्या (किलोवॅटला पॉवर फॅक्टरने भागून येणाऱ्या आकड्यापर्यंतच्या) भाराला ८० टक्के लावतात. त्या हिशोबाने ९५चे ७६ किलोवॅट, म्हणजे ११५ अँपिअर होतात. पहिल्या उत्तरातील ११३ आणि हे ११५ इतके जवळ येणे हा योगायोग आहे, पण तिन्ही वाटांनी आलेले आकडे १०० ते ११५च्या पट्ट्यात पडतात आणि एकही ६३च्या आसपास फिरकत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

एक सावधगिरी. इथल्या एखाद्या नातेवाइकाने ‘आमच्या रेस्टॉरंटला २०० अँपिअर आहे’ असे सांगितले तर तो आकडा तिकडे नेऊ नये. इथे अनेक व्यापारी इमारतींत थ्री फेज २०८ व्होल्टचा पुरवठा असतो, त्यामुळे तेच ६७.४ किलोवॅट, पॉवर फॅक्टर सोडून दिला तरी, १८७ अँपिअर होतात. तारमार्ग यांनी सांगितलेला व्होल्टेजचा मुद्दा इथे उलट दिशेने नडतो. २४० व्होल्टचा फ्रायर २०८वर लावला तर तो पंचाहत्तर टक्केच शक्ती देतो, तेल तापत नाही आणि दोष आचाऱ्याच्या माथी येतो.

उत्तर ४ – पहाटपाळी

मी विजेच्या बाजूचा माणूस नाही. एका कंपनीच्या आवारातले, गॅसची परवानगी नसलेले उपाहारगृह चालवतो. वरचे टक्के योग्यच असतील, परंतु प्रत्येक भटारखान्याचे घड्याळ वेगळे असते आणि तुमचा कमाल भार कोणत्या वेळी येणार, हे त्या घड्याळावरूनच कळेल. दुपारच्या जेवणाच्या वेळी सगळ्यात जास्त वीज लागते असा अनेकांचा समज असतो. न्याहारीच्या ठिकाणी पहाटेची वेळ तितकीच जड असते, कारण त्या वेळी प्रत्येक यंत्र थंड असते आणि थंड यंत्र तापेपर्यंत त्याचा थर्मोस्टॅट एकदाही वीज तोडत नाही.

तुमच्या यादीवरून पहाटे सहाचे चित्र मांडून पाहा. आचारी येतो आणि सवयीप्रमाणे ओव्हन, तवा, स्टीमर, फ्रायर, चहाचा बॉयलर, बेन मारी आणि सांबाराचे इंडक्शन ही सगळी बटणे ओळीने दाबतो. स्वयंपाकाचेच ५६ किलोवॅट सुरू झाले. वर पंखे, फ्रीज आणि दिवे यांचे दहा. एसी नाही, डिशवॉशर नाही, एकही गिऱ्हाईक नाही, आणि तरी ६६ किलोवॅट चालू आहेत.

दुपारी एक वाजता वेगळ्या वाटेने जवळपास तोच आकडा येतो. ओव्हन तापलेला असल्याने तो निम्मा वेळच वीज ओढतो असे धरू, म्हणजे साडेनऊ. तव्यावर अजूनही ऑर्डर आहेत, पण त्याचे सगळे भाग पूर्ण पेटलेले नाहीत, म्हणून सहा. स्टीमर तीन, फ्रायर सहा, तिन्ही इंडक्शन मिळून बारा, बेन मारी दोन, सॅलामँडर दोन, चहा दीड. त्यात सकाळी नसलेले डिशवॉशर दहा किलोवॅट घेऊन येते आणि एसी सहा. पंखे, फ्रीज, दिवे धरून अडुसष्टच्या आसपास. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण तुम्ही तुमच्या आचाऱ्याला आणि भांडी धुणाऱ्यांना समोर बसवून अर्ध्या-अर्ध्या तासाचा असा तक्ता तयार केला तर कोणत्याही टक्केवारीपेक्षा तो तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

पहाटेचा भार कमी करणे हातात असते. सर्वांत जास्त वेळ घेणारे यंत्र आधी, म्हणजे आमच्याकडे स्टीमर आणि सांबार. ते तापले की तवा. फ्रायर उघडण्याच्या थोडा आधी. ओव्हनची गरज सकाळी सहाला असतेच असे नाही. हा क्रम भिंतीवर लावून चालत नाही, कारण उशीर झालेला माणूस पाटी वाचत नाही. आम्ही ओव्हन आणि फ्रायरच्या पुरवठ्यावर टायमर बसवून घेतले.

प्रश्नकर्ता – बाणेरचा भटारखाना

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ६३ अँपिअरमध्ये भागणार नाही हे आता स्पष्ट झाले. तरीही दोन शंका उरतात. संकुलाचे व्यवस्थापन १०० अँपिअरपर्यंत सहज देण्यास तयार आहे, त्याच्या पुढे मात्र शाफ्टमधून नवी केबल ओढावी लागेल. उपकरणे थोडी बदलून आणि पहाटपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे क्रम लावून १०० अँपिअर पुरतील का? आणि समजा आम्ही ६३च ठेवले असते तर नेमके काय झाले असते, म्हणजे स्विच ताबडतोब पडला असता का?

उत्तर ५ – तारमार्ग

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. ताबडतोब पडला असता तर बरे झाले असते. एमसीसीबीचा, म्हणजे मुख्य लाइनवरच्या मोठ्या स्वयंचलित स्विचचा, औष्णिक भाग हळूहळू तापतो. आयईसी ६०९४७-२ या मानकानुसार ६३ अँपिअरपर्यंतच्या ब्रेकरने त्याच्या नियोजित प्रवाहाच्या १.३ पट प्रवाहावर एका तासाच्या आत पडले पाहिजे. याचा व्यवहारातील अर्थ असा की ८२ अँपिअर घेऊन तो बराच वेळ निमूटपणे उभा राहील. पहाटे सहाला बटणे दाबली की स्विच काही वेळ टिकेल, सगळ्यांना वाटेल की भागते आहे, आणि पुढे कधीतरी ऐन गर्दीत पंख्यांसकट सगळा भटारखाना बंद पडेल. वर चढवल्यावर तो गरम असल्यामुळे लगेच पुन्हा पडेल. अशा वेळी कोणीतरी ६३च्या जागी १०० अँपिअरचा स्विच बसवून टाकतो आणि खालची केबल मात्र तीच राहते. त्यातून आग लागते.

आता १०० अँपिअरबद्दल. १०० अँपिअरवर आपल्याला सुमारे ६६ किलोवॅट मिळतात, म्हणजे आजच्या यादीसाठी काठोकाठ, आणि स्विच काठावर चालवू नये, विशेषतः पॅनेल भटारखान्याच्या उष्ण भिंतीवर असेल तर. दहाऐवजी सहा ट्रेचा कॉम्बी ओव्हन घेतला तर तो १० किलोवॅटच्या आसपास मिळतो. निम्मा वेळ चालतो असे धरले तर दुपारच्या भारातून साडेचार किलोवॅट कमी होतात. डिशवॉशरच्या हीटरला कॉन्टॅक्टर (विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा स्विच) लावून, मुख्य लाइनवरचा प्रवाह ठरावीक मर्यादेपुढे गेला की तेवढा हीटरच थांबेल अशी सोय केली, तर आणखी दहा जातात; भांडी पाच मिनिटे उशिरा धुतली तरी गिऱ्हाईक उठून जात नाही. यामुळे दुपारचे ६८ किलोवॅट ५४वर येतात, म्हणजे ८२ अँपिअर. या दोन्ही गोष्टी करणार असाल, आणि टायमरही लावणार असाल, तर १०० अँपिअर पुरतील. यांपैकी एक जरी गोष्ट राहणार असेल तर १२५च घ्यावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, शाफ्टमध्ये काम करायचेच झाले तर केबल १२५ अँपिअरची टाकून घ्या, स्विच १०० अँपिअरवर ठेवता येईल असा समायोज्य एमसीसीबी घ्या, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड मात्र बेताची ठेवा. केबल पुन्हा ओढणे म्हणजे छत उघडणे; करारातील आकडा बदलणे म्हणजे एक अर्ज. सुरुवातीला ६० केव्हीए पुरेसे वाटतात, कारण ५४ किलोवॅट भागिले ०.९५ म्हणजे ५७ केव्हीए होतात. कॉन्ट्रॅक्ट डिमांड ओलांडली गेली तर फक्त ओलांडलेल्या भागावर मागणी आकाराच्या दीडपट जादा आकारणी होते, पण वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा तसे झाले तर विषय वेगळ्या नियमात जातो. त्यामुळे पहिले काही महिने बिलावरील नोंदलेल्या कमाल मागणीचा आकडा न चुकता पाहत राहा. मीटर क्षणिक झटका नोंदवत नाही; ठरावीक मिनिटांच्या कालखंडातील सरासरी नोंदवतो, म्हणून ग्राइंडर सुरू होतानाच्या धक्क्याची काळजी नको, पण पहाटेचा अर्धा तास मात्र जसाच्या तसा बिलात उतरतो.

केबलबाबत एक गोष्ट लेखी मागून घ्या. ठेकेदार सवयीने साडेतीन कोअरची (आतील तारांची) केबल देतात, तिच्यात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निम्म्या आकाराचा असतो. थ्री फेज मोटरवर यंत्रे चालवणाऱ्या कारखान्यात ते चालते. तुमच्याकडे सिंगल फेजचे १५ किलोवॅट फक्त स्वयंपाकाचे आहेत, वर इंडक्शनमधून येणारे हार्मोनिक प्रवाह (मूळ वारंवारतेच्या पटीतले), विशेषतः तिप्पट वारंवारतेचे, तिन्ही फेजचे न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाहीत, तर बेरीज होऊन जमा होतात. त्यामुळे चार पूर्ण कोअरची केबलच घ्यावी.

उत्तर ६ – एडिसनकर

तारमार्ग यांच्याशी पूर्ण सहमत. फेजच्या वाटणीबद्दल थोडी भर घालतो, कारण वरचे सर्व हिशोब तिन्ही फेजवर सारखा भार आहे असे गृहीत धरून केलेले आहेत. साडेतीन किलोवॅटची दोन इंडक्शन निरनिराळ्या फेजवर ठेवावीत. एकीच्या जोडीला बेन मारी द्यावी, दुसरीच्या जोडीला मिक्सर आणि थोडे दिवे, आणि तिसऱ्या फेजवर सॅलामँडर व बॉयलर. साडेपाच, पाचच्या आसपास आणि सहा, अशी ती वाटणी बऱ्यापैकी बसते.

फ्रायरची मात्र खातरजमा करून घ्या. दोन टाक्यांचा फ्रायर ‘थ्री फेज’ म्हणून विकला जातो, पण आतील जोडणीच्या पट्टीवर पाहिले तर कित्येकदा एक टाकी एका फेजवर आणि दुसरी दुसऱ्यावर जोडलेली असते व तिसऱ्या फेजला काहीच नसते. साडेचार किलोवॅटच्या प्रत्येक टाकीचे साडेएकोणीस अँपिअर दोनच फेजवर पडतात. तसे असेल तर सॅलामँडर आणि बॉयलर ज्या फेजवर आहेत त्याच फेजवर फ्रायरची टाकी नसावी, म्हणजे तिचे सहा किलोवॅट दुसऱ्या दोघींच्या त्यातल्या त्यात जवळ राहतील.

प्रश्नकर्ता – बाणेरचा भटारखाना

विक्रेत्याकडून फ्रायरचे मागचे झाकण उघडून छायाचित्र मागवले. एडिसनकर यांनी लिहिल्याप्रमाणेच आत दोनच फेज वापरलेल्या आहेत. ओव्हनची नेमप्लेट ३८० व्होल्टची निघाली. सहा ट्रेचा ओव्हन आणि डिशवॉशरला कॉन्टॅक्टर, या दोन्ही गोष्टी आम्ही मान्य केल्या आहेत. शाफ्टचे काम मात्र व्यवस्थापनाच्या इतर गाळ्यांबरोबर एकत्र होणार असल्याने खर्च वाटला जाईल, म्हणून केबल १२५ अँपिअरची, चार पूर्ण कोअरची मागवत आहोत.

उत्तर ७ – तारमार्ग

योग्य निर्णय. ओव्हन सहा ट्रेचा घेतानाही नेमप्लेट ४१५ व्होल्टची मागा. तशी उपलब्ध नसेल आणि ३८० व्होल्टचीच मिळाली तर त्याचा भार १९ टक्के जास्त धरून स्वतंत्र एमसीबी ठरवा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत, सर्व बटणे चालू असताना आणि मग दुपारच्या गर्दीत, मुख्य पॅनेलवर क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या) तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांचे प्रवाह लिहून ठेवा. न्यूट्रलचा आकडा कोणत्याही एका फेजच्या निम्म्याहून वर गेलेला दिसला तर सिंगल फेजची वाटणी पुन्हा करावी लागेल, आणि ती डीबीमध्ये (वितरण पेटीत) दोन वायरा इकडून तिकडे करून होण्यासारखी असते.